आप्पांची पद्मिनी, माझी अँबॅसिडर

दत्तूआप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या पंपावर अँबॅसिडरच्या चाकांत हवा भरून घेत होतो. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला त्यांना मांडवगण फराट्याहून दौंडला न्यायचं होतं. आता महिना उलटून गेला... आठवड्यातले डायलिसिसचे ते दोन दिवस कसे घालवायचे हे मला अजून उमगलेलं नाही.

आप्पा शेतकरी, मी त्यांच्याच गावातला निवृत्त मास्तर. त्यांची पद्मिनी इटलीच्या वळणाची, माझी अँबॅसिडर इंग्रजांच्या. तीस वर्षं आम्ही भांडलो ते एवढ्यावरच. त्यांची गाडी अंगानं हलकी, उसाच्या ट्रॉल्यांच्या बाजूनं सुळकन निघून जायची. मी मागं धूळ खात बसायचो. पण माझ्या मागच्या सीटवर तिघं ऐसपैस मावत आणि खड्डा पोटापर्यंत पोचत नसे. माझ्या गाडीला ते म्हैस म्हणत, त्यांच्या गाडीला मी शेळी. “इटलीवाल्यानं रस्ता बघून गाडी केली, इंग्रजानं साहेब बघून,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

मग आप्पांची मूत्रपिंडं थकली, गुडघे आखडले. पद्मिनीत वाकून शिरता येईना आणि माझ्या गाडीत बसायला ते तयार होईनात. हट्टापायी एक डायलिसिस चुकवलं. पाय सुजले, धाप लागली. वहिनी रडत माझ्याकडे आल्या. मला भीती वाटली आणि रागही आला. तसाच गेलो आणि म्हणालो, “आप्पा, तुमचीच गाडी चांगली. हरलो मी. आता उठा.”

“मनापासनं न्हाई म्हणत तुम्ही, मास्तर.”

“नाही. पण तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?”

आप्पांनी वहिनींकडं काठी मागितली.

पुढचे आठ महिने गावाची वेस ओलांडली की माझ्या गाडीला नावं ठेवायला सुरुवात, ती दवाखान्याच्या दारापर्यंत. एकदा मात्र परतताना मागच्या सीटवर गाढ झोपले, घोरलेसुद्धा. घरी उतरवताना मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता बॅटरी उतरू नये म्हणून वहिनींनी पद्मिनीची किल्ली माझ्याकडे दिली आहे. दर रविवारी एक फेरी मारून आणतो. आप्पा ठेंगणे, त्यामुळं सीट पार पुढं ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला टेकतात. खालचा खटका ओढला की सीट मागं सरकेल. हात तिथवर जातो... आणि मग तसाच अवघडून मी गाडी रस्त्यावर काढतो.