रुसलेलं ऱ्होड आयलंड

अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी शाळेत नंदू बोरकुटे म्हणजे घटनेचं वेड लागलेला माणूस. पोटापाण्यासाठी डेटा सेंटर सांभाळायचं, आणि दर सप्टेंबरात लायब्ररीच्या खोलीत मुलांना जमवून अमेरिकेची राज्यघटना नव्याने मंजूर करून घ्यायची. तेरा मुलं, तेव्हाची तेरा राज्यं. नऊ जण हो म्हणाले की घटना लागू. पण नंदूला तेरावं राज्यही हवंच असे. ते तेरावं, ऱ्होड आयलंड, शेवटपर्यंत रुसून बसलेलं. ती भूमिका पहिल्यापासून त्याच्या मुलीची, रुचाची. ती गाल फुगवून कोपऱ्यात बसे, बाकीचे तिच्या विनवण्या करत, आणि शेवटी नंदू म्हणे, "ये गं बाई, तुझ्याशिवाय घर पुरं होत नाही." मग ती ऐटीत सही करी. कॉलेजात गेली तरी तिने ती जागा कुणाला दिली नव्हती.

यंदा मात्र नंदूचा पाय उचलत नव्हता. पुढच्या महिन्यात रुचाला एकवीस वर्षं पूर्ण होत होती. नंदूचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच. मध्ये कंपनी बुडाली आणि बिचारा पुन्हा शेपटाला जाऊन उभा राहिला. एकवीस झाली की बापाच्या व्हिसावर मुलीला राहता येत नाही. विद्यार्थी म्हणून तरी राहू द्या, हा अर्जही नामंजूर झाला. तीन महिन्यांची असताना आलेल्या पोरीला आता नागपूरला 'परत' जायचं होतं.

बोल तरी कुणाला लावायचा? शैलजाला दिवस गेले तेव्हा नवराबायको इथेच होती. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात विचार करण्यासारखं होतंच काय? सातव्या महिन्यात नंदूनेच तिला हौसेने विमानात बसवलं. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, सगळं यथासांग झालं. इथे जन्मलेलं मूल इथलं, हे कलम नंदू पुढे दरवर्षी मुलांना शिकवत राहिला, आणि दरवर्षी आतून जळत राहिला.

खेळ सुरू झाला. एकेक राज्य हो म्हणालं. व्हर्जिनिया झालेल्या छोट्या आन्याने रुचाचा हात ओढला. "ताई, प्लीज जॉइन ना!"

आता नंदूचं वाक्य. ते काही तोंडातून फुटेना.

"बाबा, म्हण ना," रुचा म्हणाली. मग जवळ येऊन हळूच, "मी वाचलंय. ऱ्होड आयलंडला असं लाडाने नव्हतं मनवलं. फॉरेन कंट्रीसारखं ट्रीट करू, अशी थ्रेट दिली होती. तू आम्हाला कायम गोड एंडिंग सांगितलंस."

"तू लहान होतीस गं."

"आता नाहीये. तोच प्रॉब्लेम आहे."

मुलं ताटकळली होती. नंदूने कसंबसं वाक्य म्हटलं. रुचाने पेन उचललं, जरा थांबली आणि ते आन्याच्या हातात दिलं. "पुढच्या वर्षीपासून ऱ्होड आयलंड तू. सही तूच कर."

आन्याने जीभ बाहेर काढून, मन लावून सही केली. तेराही राज्यं एक झाली म्हणून मुलांनी एकच गलका केला. रुचा दाराशी उभी राहून बघत होती. नंदू टाळ्या वाजवत राहिला. हात थांबले असते तर त्याला पोरांसमोर रडू आवरलं नसतं.