आमदारांचे ओठ आणि आमचे साडू

अख्ख्या खानदेशात आपल्या आमदाराच्या ओठांकडे आमच्या साडूंइतकं निरखून कुणी पाहिलं नसेल. खुद्द आमदारांच्या पत्नीनेही नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना नाना म्हणतो, ते मला साडूभाऊ म्हणतात. भडगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून त्यांची उभी हयात गेली. कुठली गाडी किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, हे वहीत लिहायचं काम. निवृत्त झाल्यावर स्टँड सुटलं, लिहिणं सुटलं नाही. लाईट कधी गेली, नळाला पाणी कधी आलं, शेजारचा जावई सासुरवाडीला कधी आला आणि त्याला निरोप कधी मिळाला, सगळं वहीत. माझ्या लग्नात मुहूर्तानंतर बावन्न मिनिटांनी अक्षता पडल्या, हे त्यांनी त्याच मांडवात सासऱ्यांना वही उघडून दाखवलं होतं. सासरे तेव्हा जेवत होते. नानांची बायको, म्हणजे आमची अक्का, कपाळाला हात लावून म्हणायची, "बठ्ठं गाव हासस यास्ले." नाना त्यावर शांतपणे सांगत, की गावाने खुशाल हसावं, फक्त वेळेवर हसावं.

अशा माणसाला गिरणाकाठच्या गावांनी आपल्या पाणी मंडळाचा सचिव केलं, हे एका परीने योग्यच झालं. शेतीचं पाणी शेतीलाच राहावं, एवढीच या मंडळाची मागणी. गेल्या निवडणुकीआधी मंडळाने सगळ्या उमेदवारांकडून एका कागदावर सही घेतली होती, की सभागृहात मी पाण्याच्या बाजूने उभा राहीन. सह्या सगळ्यांनीच केल्या. त्यांतले एक निवडून आले. मग नाना म्हणाले, सही घेतली, आता हजेरी नको का घ्यायला? तेव्हापासून दर अधिवेशनानंतर एक पत्रक निघू लागलं. डावीकडे विषय, मध्ये मंडळाचं म्हणणं, उजवीकडे आमदार बाजूने की विरुद्ध. छापायला ते माझ्याकडे चाळीसगावला येत, कारण माझा छापखाना आहे, आणि घरचा छापखाना असला की सचिवाला एक स्वल्पविरामही सात वेळा हलवता येतो. पहिल्या दोन पत्रकांत सगळीकडे 'बाजूने' होतं. आमदारांनी प्रश्न विचारले होते, भाषण केलं होतं. त्यांनी खूश होऊन ते पत्रक मोठं करून चौकात लावलं. तो फलकही माझ्याकडेच छापला गेला; त्यांचे निम्मे फलक माझ्याकडेच येत.

मग ते विधेयक आलं. धरणातल्या शेतीच्या पाण्याचा काही वाटा कारखान्यांकडे वळवता येईल, असं त्यात होतं. मंडळाचा विरोध, आणि आमदार तर सरकारच्याच पक्षाचे. कुणी कसं मत दिलं हे नंतर कुठे पाहायला मिळेल, याची नानांनी चौकशी केली, तेव्हा कळलं की बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. होयवाले होय म्हणतात, नाहीवाले नाही म्हणतात, आणि कुणाचंही नाव कुठेच लिहिलं जात नाही. नानांना हे ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही. इतका मोठा स्टँड आणि कंट्रोलरच नाही, असं ते अक्काला म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, की नागपूरला जाऊन स्वतः बघायचं. गॅलरीचा पास आमदारांकडूनच मागितला. त्यांनी कौतुकाने दोन दिले. दुसऱ्यावर मी गेलो.

वर गॅलरीत पेन, फोन काही नेऊ देत नाहीत. वहीसुद्धा खाली ठेवावी लागली, तेव्हा नाना दवाखान्यात कपडे उतरवायला सांगितलेल्या माणसासारखे अवघडले. खाली आमदार तिसऱ्या ओळीत होते. विधेयक मताला आलं. अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, असं पुकारलं गेलं, आणि मोठा आवाज उठला. नाना पुढे वाकून बघत होते. आमदारांचे ओठ मिटलेले होते. मग प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, असं झालं. समोरच्या बाकांवरून आवाज आला. आमदारांचे ओठ तेव्हाही मिटलेलेच होते. ते समोरच्या कागदाकडे बघत होते. मी नानांकडे पाहिलं, नानांनी माझ्याकडे. दोघांनीही तेच पाहिलं होतं, हे सांगायची गरज पडली नाही.

पत्रकात नानांनी नवा शब्द लिहिला: 'गप्प'.

छापण्याआधी त्यांनी मजकूर आमदारांना पाठवला, कारण कुणाच्या पाठीमागे लिहायचं नाही हा त्यांचा नियम. दुसऱ्याच दिवशी आमदार भडगावला घरी आले, एकटेच. मी तिथेच होतो. रागावतील असं वाटलं होतं, पण ते बराच वेळ अक्काच्या हातचा चहा पीत बसले. पक्षाचा आदेश होता, असं सांगितलं. गावांनी मागितलेल्या गिरणेवरच्या बंधाऱ्याची मंजुरी अगदी टेबलावर आहे, हेही सांगितलं. मग म्हणाले, "नाना, होय म्हणायचं मनात नव्हतं आणि नाही म्हणायची छाती झाली नाही. हे तुम्ही समजून घ्या, पण छापू नका."

नानांना त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पण ते म्हणाले, "साहेब, गाडी उनीच नही, त मी उनी शे असं कसं लिखू?" न आलेली गाडी आली म्हणून त्यांनी उभ्या हयातीत लिहिली नव्हती.

चार दिवसांनी नानांच्याच ओसरीवर मंडळाची बैठक झाली; पत्रकाचा मजकूर न्यायला मीही गेलो होतो. मंडळाचे प्रमुख आबा, हे नानांचे शाळेपासूनचे मित्र. आबा म्हणाले, की एवढा बंधारा पदरात पडतोय, तर एका शब्दाने काय बिघडतं? 'बाजूने' लिहा. नाही तरी आमदार विरुद्ध कुठे होते? नाना म्हणाले, बाजूनेही नव्हते. बराच वेळ हेच चाललं. अर्धे लोक आबांकडे, अर्धे नानांकडे. शेवटी कुणीतरी म्हणालं, की इतक्या लांबून नानांना ओठ दिसले कसे, या वयात? त्यावर आबा माझ्याकडे वळले. "तुम्ही होते ना सोबत. तुम्ही सांगा, तुम्हाला काय दिसलं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला माझा छापखाना आठवला, आमदारांचे फलक आठवले, आबांच्या घरचं येऊ घातलेलं लग्न आणि त्याच्या पत्रिका आठवल्या. मी म्हणालो, माझं तेव्हा लक्ष नव्हतं.

पुढचं लवकर आटपलं. पत्रकात 'बाजूने' छापायचं ठरलं. नानांनी सचिवपद सोडलं, मंडळाच्या वह्या आबांच्या हाती दिल्या आणि आबांना पाणी विचारून मगच उठले. भांडण नाही, आवाज नाही. मला चाळीसगावच्या गाडीत बसवायला ते स्टँडपर्यंत आले. वाटेत मी काही बोलेन म्हणून वाट पाहिली असावी. मग त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साडूभाऊ, लांब होतं. तुमचा चष्माही जुना आहे. नसेल दिसलं."

बंधाऱ्याचं काम आता सुरू आहे, संथपणे का होईना. पत्रकही निघतं, आबांचा पुतण्या काढतो, आणि त्यात सगळीकडे 'बाजूने' असतं. नाना महिन्या-दोन महिन्यांनी चाळीसगावला येतात. छापखान्यात बसतात, अक्काचे गुडघे, लिंबाचे भाव, नातवाची परीक्षा, सगळं बोलतात. नागपूरचं नाव काढत नाहीत. पूर्वी ते माझ्याकडे काही छापायला आले, की मी तपासलेलं प्रूफ स्वतः पुन्हा वाचत. आता वाचत नाहीत. तुम्ही पाहिलं ना, मग झालं, असं म्हणतात. ते विश्वासाने म्हणतात, की आणखी कशाने, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला अजून कळलेलं नाही. "नाना, मला दिसलं होतं," एवढंच त्यांना सांगायचं आहे. दर वेळी नाना उठून जाईपर्यंत मी हे वाक्य फक्त ओठांपर्यंत आणतो.