खणाला लागलेली चटणी

मी समुद्र पाहिला आहे, हे आमच्या घरात कुणी मान्य करत नाही. बायको म्हणते, तुम्ही चिखल पाहिलात. पोरं तिच्या बाजूची. खरं सांगायचं तर मी तो चिखलही नीट पाहिला नव्हता, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मी जळगावला कॉलेजात इंटरला होतो. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. शेवटचा पेपर शुक्रवारी होता आणि आम्ही तिघांनी बेत केला होता : त्याच संध्याकाळी तापी लाइनची गाडी धरायची, शनिवारी सुरतेचा किल्ला आणि गोऱ्या व्यापाऱ्यांची जुनी थडगी बघायची, रविवारी डुमसला समुद्र. आमच्यातला एक जळगावच्या मारवाडी पेढीवरचा, त्याला आम्ही शेठ म्हणायचो. सुरतेला त्याच्या मामांचं कापडाचं दुकान होतं, म्हणजे उतरायची सोय फुकट. दुसरा धुळ्याकडचा, पडकी भिंत दिसली की तिला हात लावून बघणारा, तो धुळेकर. मी सावद्याकडच्या केळीवाल्याचा पोरगा. पाण्याची माझी कल्पना तापीच्या पुरापाशी संपायची.

परवानगी मागायला आधीच्या रविवारी घरी गेलो. आबा केळीच्या बागेत पाणी देत होते.

"जा," ते म्हणाले. "पण अक्काच्या दारात पाय ठेवू नको."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दाजी रेल्वेत, त्यांना सुरतेच्या अलीकडे उधन्याला क्वार्टर मिळालेलं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लग्न झालेली पोर माहेरी झोका खेळायला यायलाच हवी, आणि तिला आणायला माहेरचा माणूस मुऱ्हाळी म्हणून जायला हवा. लग्नानंतरच्या पहिल्याच आखाजीला आबा स्वतः मुऱ्हाळी होऊन गेले. अक्काची सासू आजारी होती, तिनं सुनेला पाठवलं नाही. आबा बैलगाडीतून एकटेच उतरले ते अख्ख्या गल्लीनं पाहिलं. तेव्हापासून आबांचं म्हणणं, आधी त्यांचं पत्र येऊ दे, मग आमचा माणूस जाईल. सासूचं म्हणणं, आधी मुऱ्हाळी येऊ दे, मग सून जाईल. या गोष्टीत त्यानंतरची आखाजीही गेली. आता तिसरी पंधरा दिवसांवर होती.

"आखाजीच्या तोंडावर गेलास तर तू मुऱ्हाळीच होशील," आबा म्हणाले. "मग तू कशालाही गेलेला अस."

निघताना मायनं एक गाठोडं हातात दिलं. "सुरत आल्याशिवाय सोडू नको," एवढंच म्हणाली. मी त्याचा अर्थ लावला की वाटेत खाऊन संपवू नको. इंटरला होतो, तरी एवढाच अर्थ लागला.

गाडीत शनिवारी उजाडलं ते नवापूरला. तिघांच्याही पोटात आग पडलेली. मी गाठोडं सोडलं. वर शेंगदाण्याची चटणी, खाली सांजोऱ्या. धुळेकरानं हात घातला, शेठनं घातला, मी तर मालकच. सांजोऱ्या भराभर संपू लागल्या. मग धुळेकरानं तळातून काहीतरी ओढलं आणि त्यालाच बोटं पुसता पुसता थांबला.

"हाई काय शे रे?"

तो खण होता. हिरवा, जरीकाठी, नवा कोरा. आता त्यावर तिखटाची तीन बोटं उमटली होती.

"तुझ्या मायनं हात पुसायला फारच भारी फडकं दिलं," शेठ म्हणाला. मामांचं कापडाचं दुकान असूनही त्याला समजलं नाही. मला समजलं, आणि हातातली सांजोरी मी परत ठेवली. सांजोऱ्या आणि खण ही मुऱ्हाळ्याची शिदोरी. आबांनी मला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं आणि मायनं एक शब्द न बोलता पाठवलं होतं. आणि त्या शिदोरीतल्या चारच सांजोऱ्या उरल्या होत्या.

उधना आलं तेव्हा मी खिडकीतून मान आत घेतली. रुळाकडेला लाल क्वार्टरांची रांग होती. त्यातलं एक अक्काचं.

पुढचा दीड दिवस मी काय पाहिलं म्हणाल तर काही नाही. थडग्यांवर मोठाले घुमट होते. धुळेकर सांगत होता, हे लोक इथं व्यापाराला आले आणि घरी परत गेलेच नाहीत. मला उगाच राग आला. किल्ल्याच्या भिंतीवरून तापी दिसली. आमच्याकडचंच पाणी, पण इथं ओळख न दिल्यासारखं चाललेलं. मी दर घटकेला शेठला वेळ विचारत होतो, कारण घड्याळ त्याच्याकडेच होतं. शेवटी त्यानं ते काढून माझ्या हातावर बांधलं.

"घे. आणि आता गप बैस."

रविवारी सकाळी डुमसला पोचलो तर समुद्र नव्हता. काळा ओला चिखल दूरवर पसरलेला, आणि त्याच्या टोकाला एक चकाकती रेघ.

"ओहोटी आहे," एक म्हातारा म्हणाला. "थांबा. येईल."

ते दोघं वाळूत बसले. मी उभाच. बसलो की गाठोडं मांडीवर घ्यावं लागे.

"तुझं काय आहे एकदा सांग तरी," धुळेकर म्हणाला.

मी सांगितलं. आबा, सासू, खण, सगळं. धुळेकर आपल्या बोटांकडे पाहत राहिला. शेठ वाळू झाडत उठला.

"आम्ही मुऱ्हाळ्याची शिदोरी खाल्ली आणि तू आम्हाला चिखल दाखवतोस? चल."

"आणि समुद्र?"

"तो काय, येईलच म्हणे."

उधन्याला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अक्काची सासू ओसरीत गहू निवडत होती. आतून अक्का आली, पिठाचे हात तसेच. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पेपर कसे गेले?" मग ते हात पदरालाच पुसले.

"वाट चुकलास का रे?" सासूनं विचारलं.

"समुद्र पाहायला आलो होतो."

"इथं कुठला समुद्र?"

धुळेकरानं मागून कोपर मारलं. मी गाठोडं पुढं ठेवलं. म्हातारीनं चार सांजोऱ्या पाहिल्या, मग खण उलगडून उजेडात धरला.

"याला तिखट कसलं?"

"माझी बोटं, मावशी," धुळेकर म्हणाला. "भूक लागली होती."

"हं. तुझ्या आबांनी पाठवलं?"

अक्का दारातच थांबली होती. हो म्हणालो असतो तर काम सोपं झालं असतं, पण आबांचं तोंड डोळ्यांपुढे आलं. नाही म्हणालो तर मी नुसताच उन्हातान्हाचा पाहुणा.

"आबांनी येऊ नको म्हणून सांगितलं होतं," मी म्हणालो. "गाठोडं मायनं दिलं."

"म्हणजे तिनं तुला न सांगता मुऱ्हाळी केलं."

"हो."

"आणि ते तुला कधी कळलं?"

"नवापूरला. खाल्ल्यावर."

म्हातारीनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग एक सांजोरी मोडली, खाल्ली, आणि आत न बघताच म्हणाली, "सूनबाई, पेटी काढ. मुऱ्हाळी आलाय." माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या मायला सांग, सांजोऱ्या पोचल्या. आबांना सांग, मी काही सांगितलं नाही. माझा मुलगा ड्यूटीवरून आला की त्याचं मी बघते."

अक्काचं आवरेना. तिनं सगळी भांडी पाण्यानं भरली, सासूची औषधाची बाटली जवळ आणून ठेवली, भाकरी टाकल्या, पुन्हा पाणी भरायला गेली. मी घड्याळ बघत दारात येरझारा घालत होतो. शेवटी म्हातारीनंच तिच्या हातातली कळशी काढून घेतली.

गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळानं अक्कानं विचारलं, "भाऊ, समुद्र कसा असतो रे? तीन वर्षं झाली, मला काही जमलं नाही बघायला."

शेठ खिडकीबाहेर पाहू लागला. "लांब असतो," मी म्हणालो.

घरी बैलगाडीतून आम्ही दोघं उतरलो. आबा ओट्यावर होते. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू समुद्र पाहायला गेला होतास ना?"

"ओहोटी होती, आबा."

त्यांनी पेटी उतरवून घेतली. दुपारी जेवताना अक्काला विचारलं, "तिकडून पत्र काही?"

"नाही."

"बरं," म्हणाले, आणि उठून झोक्याचा दोर शोधायला माळ्यावर चढले.

खण मायनं दोनदा धुतला, लिंबू लावून उन्हात टाकला. डाग गेला नाही. मग तिनं बेतताना तो भाग काखेखाली घेतला, आणि अक्का आखाजीला तीच चोळी घालून झोक्यावर बसली.