छावणीतला रविवार

मी हे लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, एवढंच. बायबलबद्दल बोलायचा अधिकार पाळकांचा, किंवा निदान माझ्या आईचा. तिला वाचता येत नाही, पण कितीतरी स्तोत्रं पाठ आहेत. तरी लिहितो. चुकलं तर माफ करावं.

त्या दुष्काळात आष्टीच्या बाजूला एका सहकारी संस्थेनं जनावरांची छावणी काढली. वडील त्याच संस्थेच्या दूध केंद्रावर कामाला, म्हणून त्यांच्या नावावर जनावरं घेत नव्हते. मी म्हणालो, माझं नाव लावा, मी सही करतो. सही करताना मला बरंही वाटलं. नियम नंतर कळला. ज्याची सही, त्यानंच रोज हजेरीला उभं राहायचं. तपासणीला साहेब कधीही येत. माणूस नसला की त्याची जनावरं छावणीबाहेर. आमचे दोन बैल आणि एक गाय होती. गावात कडब्याची काडी उरली नव्हती.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्मा पाण्यात बुडवून देतात. विहिरी आटलेल्या, आणि टँकरचं पाणी त्यासाठी घ्यायला पाळक तयार नव्हते; लोक त्या पाण्यासाठी रांगा लावत होते. शेवटी मंडळीतल्याच एकाच्या शेततळ्यात कमरेएवढं पाणी उरलं होतं. तिथला रविवार ठरला, पाळकांच्या यादीत माझंही नाव लागलं. दोन वर्षं रोज बायबलमधलं वचन वाचून मी त्याचीच वाट बघत होतो. वडिलांना विचारलं, एक दिवस माझ्या जागी उभे राहाल का. ते म्हणाले, संस्थेचाच माणूस खोटी हजेरी देतो असं होईल. एवढं बोलून निघून गेले. ते कधी उपासनेला येत नसत. मला वाटलं, त्यांना हे बरंच झालं.

मग माझं वाचन बिघडलं. पान उघडायचो, ओळी नुसत्या डोळ्यांपुढून जायच्या. प्रार्थनेत फक्त तक्रार. शेजारच्या दावणीचे म्हशीवाले काका चिडवायचे, "पाळकसाब, आमच्या म्हशीला बी दोन ओळी ऐकवा की." एक दिवस खरंच ऐकवल्या. भावांनी विकलेल्या, मग परक्या देशात तुरुंगात पडलेल्या मुलाची बायबलातली गोष्ट. सुटून गेलेला सोबती त्याला विसरला, तिथं काकांनी मला थांबवलं.

"किती दिस इसरला?"

"दोन वर्षं."

"आन् ह्यो काय करीत बसला तवर?"

मी पानावर शोधलं. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. ती दोन वर्षं मी किती वेळा न थांबता ओलांडून गेलो होतो. त्या दिवसापासून एवढंच मागायला लागलो, की आज मला इथं नीट उभं राहता यावं. त्यानं मन हलकं झालं असं नाही. छावणीचं कुंपण होतं तिथंच होतं.

रविवारी हजेरी झाली. साहेब आलेच नाहीत. दुपारपर्यंत मी रस्त्याकडे बघत राहिलो. एरवी माझी भाकरी वडील घेऊन यायचे; सोमवारी, मंगळवारी ती दुधाच्या टेम्पोतून आली, वडील आले नाहीत. बुधवारी आई चालत आली. तिघांचा बाप्तिस्मा झाला म्हणाली, तळ्यात आता नुसता चिखल आहे म्हणाली. मग बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तुझा बाप गेलता तिथं," ती शेवटी म्हणाली. "समद्यांम्होरं पाळकांना म्हणला, पोरगं माझ्यामुळं अडकलंय, यादीतनं त्याचं नाव कापू नका."