ॲम्ब्रोजची अर्धी नदी

टंग नदीकाठच्या त्या वस्तीत मंगळवारी सकाळी सगळ्यांना ठाऊक असायचं, की शाळेमागच्या खोलीत ॲम्ब्रोज वॉकिंग क्रेन आला आहे. खोलीबाहेर त्याचा पिवळट कुत्रा बलोनी आडवा पडलेला असायचा आणि आतून हसण्याचा आवाज येत असायचा. ॲम्ब्रोज त्यांच्या शेयेन जमातीची भाषा शिकवायचा, पण वही उघडू द्यायचा नाही. "कागदाला सांगितलंस की तू विसरायला मोकळी," असं म्हणायचा. कुणाला चूल पेटवायला लावायचा, कुणाला पाणी आणायला, आणि हात कामात असताना शब्द कानात सोडायचा. चुकलं तर म्हणायचा, "तू आत्ता तुझ्या सासूला बादली म्हणालास. बादलीला राग येईल."

लहानपणी त्याला लांबच्या निवासी शाळेत टाकलं होतं. तिथं आपली भाषा बोलली की शिक्षा व्हायची. तो तबेल्यात काम मागून घ्यायचा आणि घोड्यांशी बोलायचा. "सहा वर्षं माझं व्याकरण घोड्यांनी सांभाळलं," तो सांगायचा. "म्हणून माझे उच्चार जरा खिंकाळल्यासारखे आहेत." पुढं तो जंगलातले वणवे विझवणाऱ्या टोळीत गेला आणि तीस उन्हाळे धूर पीत राहिला. चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याचा हिशेब छातीनं मांडला. आता चाकांवरचं ऑक्सिजनचं नळकांडं त्याच्या मागेमागे फिरायचं.

डेल्फीन ही त्याची नात. बिलिंग्ज शहरात संगणकाचं शिकून ती परत आली होती आणि शाळेनं तिला आवाज साठवण्याचं काम दिलं होतं. त्या वसंतात ॲम्ब्रोज तिला म्हणाला, "पोरी, मला नदी सांगून टाकायची आहे. बर्फ पडायच्या आत."

"म्हणजे काय, नामशीम?" आजोबांना ती तशीच हाक मारायची, सगळे तशीच मारतात.

"नावं. माझी आजी आम्हाला घोडागाडीतून नदीच्या वरच्या अंगाला न्यायची. मी आणि तुझी जोसेट निश्की पाठीला पाठ लावून बसायचो. आजी डावीकडे मान वळवून नाव सांगायची ते माझं, उजवीकडे वळवून सांगायची ते तिचं. प्रत्येक कडा, प्रत्येक ओहोळ. माझ्याकडे डावा काठ आहे. अर्धी नदी घेऊन मी कुठं जाऊ?"

उजवा काठ त्याच्या धाकट्या बहिणीकडे होता. जोसेट दोन मैलांवर राहायची. नात्यानं तीही डेल्फीनची आजीच, निश्की. अडचण एवढीच होती की ॲम्ब्रोज आणि जोसेट गेली सत्तर वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. भांडण वगैरे काही नव्हतं. त्यांच्या रीतीत बहीण-भाऊ मोठे झाले की एकमेकांशी थेट बोलत नाहीत, डोळ्याला डोळा देत नाहीत, तोच मान. ॲम्ब्रोज शिकार आणायचा तेव्हा पहिला वाटा जोसेटच्या दाराशी ठेवून निघून यायचा. तिनं शिवलेले मोकॅसिन, मऊ कातडी जोडे, कुणाच्या तरी हातून त्याच्याकडे पोचायचे. एवढी माया त्या वस्तीत दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली नसेल.

डेल्फीनला हे सगळं माहीत होतं. पण ती यंत्रं शिकलेली. तिला वाटलं, दोघांनी एकमेकांशी कुठं बोलायचंय? दोघंही यंत्राशी बोलतील. तिनं मंगळवारच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या, मध्ये टेबल, टेबलावर रेकॉर्डर. दोघंही आले, तिच्यावरच्या प्रेमापोटी. ॲम्ब्रोज खिडकीकडे तोंड करून बसला, जोसेट भिंतीकडे.

सुरुवात छान झाली. ॲम्ब्रोजनं पाच नावं सांगितली. जिथं हरणं खाली उतरतात. जिथं एका डोळ्याच्या माणसानं भांडं हरवलं. खोलीत खरंच पाण्याचा वास आल्यासारखं वाटलं. मग तो म्हणाला, "लाल कड्यानंतर एक वळण आहे. तिथलं काही मला येत नाही. दर वेळी तिथंच मला झोप लागायची. जन्मभर चुटपुट लागून राहिलीय."

"तू झोपला नव्हतास!"

जोसेटच्या तोंडून निघून गेलं. सरळ त्याच्याकडे बघून. पुढच्याच क्षणी तिनं तोंडावर हात धरला आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली. खिडकीबाहेर कॉटनवुडच्या झाडांचा सावरीसारखा कापूस हवेत तरंगत होता. ॲम्ब्रोज उठला, नळकांड्याचा दांडा धरला आणि बाहेर गेला. बलोनी त्याच्या मागे गेला.

पुढच्या मंगळवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डेल्फीन दाराशी गेली की तो आतून म्हणायचा, "चूल चालू आहे, आत ये, खा. त्या खोलीचं काढू नकोस." त्याच्या श्वासाची शिट्टी अंगणापर्यंत ऐकू यायची.

तिसऱ्या आठवड्यात डेल्फीननं तंबाखू घेतली आणि जोसेटकडे गेली. तंबाखू हातात ठेवल्याशिवाय मोठ्यांकडे काही मागता येत नाही. पहिल्या वेळी डेल्फीन ती न्यायलाच विसरली होती.

जोसेट पाव तळत होती. तंबाखूकडे बघून म्हणाली, "आज आठवण झाली होय?"

"चुकलं माझं, निश्की."

"तुझं चुकलं ते चुकलंच. पण जीभ माझी सुटली. या वयात लाज जाते म्हणतात, माझी अजून आहे." तिनं पाव उलटला. "आमच्या मध्ये तू काय ठेवलंस? डबी. डबीच्या अंगावरून बोलता येतं का कुणाला? मध्ये जीव लागतो. माणूस लागतो, नाहीतर कुत्रा तरी."

"कुत्रा?"

"माझं लग्न ठरलं तेव्हा नवरा कसा आहे हे तुझ्या नामशीमनं मला कसं कळवलं? माझ्या अंगणात येऊन कोंबडीला सांगितलं. म्हणाला, कोंबडे, माणूस चांगला आहे, पण घोडा त्याच्याहून शहाणा आहे." ती हसली. "गाडीत पेट्रोल भर. आणि बिंगोच्या वेळेआधी मला परत सोड, सांगून ठेवते."

डेल्फीन तिथून थेट ॲम्ब्रोजकडे गेली आणि त्याच्याही हातात तंबाखू ठेवली. त्यानं ती हुंगली. "सकाळी ये," एवढंच म्हणाला.

सकाळी ट्रकमध्ये ॲम्ब्रोज पुढं बसला, जोसेट त्याच्या पाठीमागं, आणि बलोनी दोन सीटांच्या मधल्या फटीत. रेकॉर्डर आरशाला दोऱ्यानं टांगला होता. डेल्फीननं ट्रक इतका हळू सोडला की नदीच जास्त वेगानं चालली असावी. हवेत कापूस होता, काठावर ऊन आणि सावली एकमेकांत मिसळलेली, आणि कुठलं साल चालू आहे हे सांगणं अवघड होतं.

"बलोनी," ॲम्ब्रोज म्हणाला, "डावीकडे बघ. इथं बगळ्यांनी सभा भरवली होती." आणि त्यानं नाव सांगितलं.

"बलोनी," मागून जोसेट म्हणाली, "उजवीकडे बघ. त्या सभेला जे बोलावलं नव्हतं ते इथं रुसून बसले." आणि तिनं नाव सांगितलं.

ॲम्ब्रोजचा खांदा हलला. तो हसत होता. अर्धी अर्धी नावं सत्तर वर्षांनी एकमेकांना लागत होती. बलोनीची मान एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि डेल्फीनला स्टीअरिंग धरून ठेवणं जड जात होतं.

लाल कडा आला. ॲम्ब्रोजची नावं तिथं थांबली. डेल्फीननं ट्रक थांबवला नाही, फक्त आणखी हळू केला. पुढं वळण दिसत होतं, साधंच, विलोची झुडपं आणि थोडी वाळू.

जोसेट म्हणाली, "डेल्फीन, तुझ्या नामशीमला सांग. इथं आजी आम्हा दोघांवर घोंगडी टाकायची. अंधार व्हायचा. बघायचं नाही, बोलायचं नाही. सैनिकांनी आपल्या लोकांना दक्षिणेला हाकललं होतं; तिथून आजीची आई चालत घरी येत होती, तेव्हा वाटेत तिचं लेकरू इथं गेलं, इथंच राहिलं. इथलं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. आजीनं मरताना मला सांगितलं. तेव्हा तो वणव्यावर होता. आणि नंतर मी त्याला कशी सांगणार होते?"

डेल्फीननं तोंड उघडलं, पण तिला काही बोलावं लागलं नाही. ॲम्ब्रोजनं बलोनीच्या डोक्यावर हात ठेवला होता.

"ऐकलंस का रे," तो कुत्र्याला म्हणाला. "मी जागा होतो. घोंगडीला धुराचा वास यायचा. तोच मला झोपेतला वाटायचा." मग म्हणाला, "आणि ही बया शेजारी माझा हात धरून असायची. ते मला स्वप्न वाटायचं."

मागच्या सीटवर जोसेट शाल डोळ्यांना लावून बसली होती.

डेल्फीननं रेकॉर्डरकडे हात नेला. "बंद करू?"

"राहू दे," ॲम्ब्रोज म्हणाला. "जेवढं वळण आहे तेवढं चालू दे."

पानगळीत ॲम्ब्रोज गेला. मंगळवारच्या खोलीत आता जोसेट येते. रेकॉर्डर लावून वर्गाला ती नदी ऐकवते. लाल कड्यानंतरच्या वळणावर जे बोलणं झालं तेवढे शब्द डेल्फीननं तिला विचारून काढून टाकले आहेत; उरलं आहे ते फक्त इंजिन, चाकांखालची खडी आणि कुत्र्याचा श्वास. पहिल्या दिवशी एक मुलगी यंत्र बिघडलं म्हणून उठली, तर जोसेटनं तिच्या मनगटावर चापटी मारली. तेव्हापासून कुणी हलत नाही. चार मिनिटं खोली तशीच राहते. मग ॲम्ब्रोज खोकतो, कुत्र्याला डावीकडे बघायला सांगतो, पुढचं नाव घेतो, आणि सगळा वर्ग त्याच्या मागून ते म्हणतो.