खिंडीपर्यंत सगळ्यांत पुढे

काल दुपारी कॉव्हेंट्रीला चक्क ऊन पडलं होतं, म्हणून ट्रेकचे बूट घासायला गार्डनमध्ये घेऊन बसले. पेरूहून येऊन तीन आठवडे झाले, तरी तळव्याच्या खाचांमधली माती तशीच होती...

मी आणि माझी मुलगी सई चार दिवसांच्या इंका ट्रेलला जाऊन आलो. गाइडबरोबर डोंगरातून चालत जायचं आणि चौथ्या दिवशी माचू पिचूचं जुनं दगडी शहर बघायचं. सई इथेच जन्मलेली, ब्रिस्टलला इंजिनियर आहे, आणि हे तिचं युनिव्हर्सिटीपासूनचं स्वप्न. मी बासष्ट वर्षांची, उंची चार फूट अकरा इंच. प्रॅक्टिस काय केली, तर टाउन सेंटरमधल्या मल्टिस्टोरी कार पार्कचे जिने चढले.

निघण्याआधी सईने एक नियम केला होता. "आई, टुगेदर जायचं, टुगेदर यायचं. एक टर्न बॅक झाली तर दुसरी पण." तेव्हा मला ते फार गोड वाटलं.

पहिल्याच दिवशी त्या गोड नियमाची धास्ती वाटायला लागली. ग्रुपमध्ये आम्ही बारा जण, आणि सगळ्यांत मागे मी. कुणी माझ्यासाठी थांबलं की सॉरी, पाठीवर तंबू घेऊन पोर्टर शेजारून धावत गेले की सॉरी... सई पुढच्या लोकांबरोबर असायची. मधूनच एखाद्या दगडावर बसून माझी वाट बघायची आणि म्हणायची, "हळू ये आई, नो रश."

कॅम्पवर पोचले तेव्हा सगळ्यांचा चहा होऊन कप धुवून झाले होते.

दुसऱ्या दिवशी बेचाळीसशे मीटरवरची खिंड ओलांडायची होती. परत फिरायचं तर तिच्या अलीकडूनच, पलीकडे गेल्यावर मग पुढेच जायचं. डोंगराचा आकार आडव्या पडलेल्या बाईसारखा दिसतो, म्हणून तिचं नाव 'मेलेल्या बाईची खिंड'. सईने हे नाव माझ्यापासून लपवून ठेवलं होतं. कळल्यावर मी एवढंच म्हटलं, "आईसाठी जागा बरीक बघून निवडलीस."

पण मनातून मी ठरवून टाकलं होतं. माझ्यामुळे तिने अर्ध्यावरून परत फिरायचं, हे मला नको होतं.

पहाटे ती उठायच्या आत मी जेवणाच्या तंबूत गेले. आमच्या दोन गाइडांपैकी मुख्य विल्बर, चाळिशीचा शांत माणूस, एकटाच नकाशा घेऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, मी खाली जाते, कुणीतरी सोबत द्या. मुलीला तुम्ही बरेच पुढे गेल्यावर सांगा, नाहीतर तीही फिरेल.

त्याने माझ्यापुढे चहा सरकवला. "आधी चहाच्या थांब्यापर्यंत चाला. सगळ्यांत पुढे. मग ठरवू."

"अहो, माझ्यामागे सगळे अडकतील."

"अडकू देत. फक्त मागे बघायचं नाही, आणि सॉरी म्हणायचं नाही. काल मी मोजणं सोडून दिलं."

अशी मी रांगेत पहिली उभी राहिले... आणि एकदम नाशिकचं आमचं कॉन्व्हेंट आठवलं. तिथे रांग उंचीप्रमाणे लागायची, त्यामुळे मी दहा वर्षं कायम पहिली. सिस्टर बेनिग्ना म्हणायच्या, समोर बघ आणि आपल्या चालीने चाल. मागच्या उंच मुली माझी वेणी ओढून पुटपुटायच्या, "चल की गं, गोगलगाय." मला ती रांग मुळीच आवडायची नाही. बुटक्या मुलींवर नजर ठेवायला पुढे घेतात, अशीच माझी समजूत होती.

दगडी पायऱ्या संपत नव्हत्या. दहा पावलं, एक श्वास, पुन्हा दहा पावलं. माझ्या मागे काठ्यांचा एकसारखा आवाज येत होता, पण सईचा आवाज नव्हता. माझ्यामुळे सगळे रखडले म्हणून रागावली असेल, असं वाटलं.

चहाच्या थांब्यावर मी विल्बरकडे बघितलं. त्याने नुसती हनुवटी वर करून पुढची वाट दाखवली. ठरवायचं राहूनच गेलं.

दुपारी खिंडीत पोचलो. आता मागे बघायला हरकत नव्हती, म्हणून वळले. सगळे एकामागून एक वर येत होते, आणि शेवटी सई. तिची सॅक दुसऱ्या गाइडच्या खांद्यावर, ओठ पांढरे.

ती माझ्याशेजारी बसली. "रात्रीपासून माझा डोकं फुटतंय, आई. दोनदा उलटी पण झाली. मी सूप परत पाठवला ना, तेव्हाच विल्बरला कळलं. मीच त्याला सांगितलं, आईला बोलू नको, ती लगेच टर्न बॅक होईल."

मी खिसे चाचपायला लागले.

"तू पुढे होती म्हणून मी आली. कुणी थोडा फास्ट गेला असता ना, मी संपली होती."

मी खिशातली आलेपाकाची वडी तिच्या हातावर ठेवली. मग आम्ही दोघींनी विल्बरकडे बघितलं. तो पोर्टरांशी गप्पा मारण्यात फारच गुंतला होता.

खिंड उतरल्यावर सईला बरं वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी धुकं सरलं आणि खाली ते शहर दिसलं... फोटो सगळ्यांनी पाहिलेच असतील, मी वेगळं काय सांगू.

पण बूट घासताना मला आठवत होती ती खिंडीतली रांग, आणि नाशिकची. सिस्टर आता नाहीत. असत्या तर एवढंच कळवलं असतं, की लहानीला पुढे का ठेवायचं ते मला समजलं... म्हणजे मागे कुणी राहत नाही.