खंडेनवमीला घासलेला गेज

तिसरी पेटी तपासून झाली तेव्हा सरकारी इन्स्पेक्टर मान वर न करता म्हणाला, "जोशी, ही पेटीही रिजेक्ट."

सांगलीतला आमचा कारखाना मूळचा उसाच्या चरकांचा. दुसरं महायुद्ध पेटलं आणि सरकारनं गावोगावचे लेथ मोजायला काढले. आमचे चार भरले. झालं, चरक बंद आणि हातबॉम्बची रिकामी बिडाची कवचं सुरू. मी डिप्लोमा झालेला, म्हणून तपासणी माझ्याकडे.

चरकाचं काम सुतात चालायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इथं बोली थाऊची, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कवचाच्या डोक्याला एक भोक असतं. त्यात बसणारी नळी भलत्याच गावी तयार व्हायची, त्यामुळे कुठलीही नळी कुठल्याही भोकात बसलीच पाहिजे. त्यासाठी गेज, म्हणजे एक गुळगुळीत पोलादी दांडी. भोकात गेली तर माल पास, अडली तर नापास. अख्ख्या कारखान्यात असा गेज एकच, आणि तो माझ्या ताब्यात. काय मिरवायचो मी.

भोकं मापात आणायचे राऊ मिस्त्री, तासगावकडचे. थोरला मुलगा पलटणीत, तिकडे आफ्रिकेत. त्यामुळे मालावर त्यांचा फार जीव. आठ दिवस ते माझ्या मागं लागले होते, की भोक बोटाला तंग लागतंय, रीमर झिजलाय, बदलू द्या. रीमर म्हणजे भोक तासून मापात आणणारं हत्यार. लढाईत नवा मिळायची मारामार, होता तो एक राखून ठेवलेला. मी गेज घालून दाखवला. सर्रकन गेला.

"मिस्त्री, गेज खोटं बोलत नाही," मी ऐटीत म्हणालो.

आणि आज इन्स्पेक्टरचा गेज एकाही भोकात शिरेना. मालक तडक मिस्त्रींकडे गेले आणि उद्यापासून येऊ नका म्हणाले. मिस्त्री आपला मापाचा कॅलिपर फडक्यात बांधायला लागले. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

निघता निघता इन्स्पेक्टरनं माझा गेज उचलून पाहिला. इतका चकचकीत गेज आपण कुठंच बघितला नाही, म्हणाला. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. दोन आठवड्यांपूर्वी खंडेनवमी झाली होती. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. जो तो आपलं हत्यार घासूनपुसून मांडतो, मग माझाच गेज का मागं राहावा? लेथला धरून, एमरी पेपर लावून मी त्याचा आरसा केला होता. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. आता मायक्रोमीटर लावला, तर दांडी चांगली दोन थाऊ बारीक. तंग भोकांना ती खुशाल पास करत सुटली होती.

नोकरी गेली असं धरूनच मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी गेज उचलून उजेडात धरला.

"पूजा केलीस का श्राद्ध घातलंस रे?"

मिस्त्री फाटकापाशी पोचले होते. धावत जाऊन त्यांना गाठलं, मालकांनी परत बोलावलंय, चूक माझी होती म्हणालो आणि हात जोडले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भोक तंग हाय म्हणून बरं, सायब. ढिलं झालं असतं तर समदं भंगारात. आता रीमर बदलायचा, का आजून गेजलाच इचारायचं?"

रीमर बदलला. चार दिवस मिस्त्रींनी मान वर केली नाही, एकूण एक भोक पुन्हा तासलं. सगळ्या पेट्या पास झाल्या.

मालकांनी मला काढलं नाही. शिक्षा एवढीच, की रोज सकाळी पहिला नग मिस्त्रींच्या हातात द्यायचा आणि ते "व्हय" म्हणाले तरच सरकारकडून आलेला नवा गेज पेटीतून काढायचा. डिप्लोमावाल्याला याहून मोठी शिक्षा नाही. लढाई संपेपर्यंत ती भोगली, आणि आमची एकही पेटी परत आली नाही.